शेगडीमागचा पत्रा

साताऱ्याहून आष्ट्याला यायला एस्टीने अडीच-तीन तास लागतात. माझ्या बायकोला आठ महिने लागले.

मुलगी साताऱ्यात नोकरीला आहे. तिच्या बाळंतपणाला म्हणून ही गेली, ती सव्वा महिन्याने परत येणार होती. मग बाळाला सर्दी झाली. मग उन्हाळा लागला. मग मुलीची रजा संपली. दर वेळी फोनवर "एवढं झालं की येते" असं ऐकायचं आणि "बरं" म्हणायचं. मी पंचवीस वर्षं फौजेत काढली, त्यामुळे रजा कशी वाढते आणि कशी रद्द होते हे मला कुणी शिकवायला नको. फक्त तेव्हा रजा माझी असायची आणि वाट बघायचं काम तिच्याकडे होतं. आता खाती बदलली.

"तुम्हीपण या की इकडं," असं मुलगी म्हणते. दोनदा जाऊन आलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात जावई, जावयाचा लॅपटॉप आणि बाळाची दुपटी. मी गॅलरीत वाळत घातलेल्या दुपट्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो, तर खालून जाणारी माणसं वर बघायला लागली. तिसऱ्या दिवशी म्हशीचं निमित्त काढून परत आलो. म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाही, असं मी सांगतो. माझ्या हातालाही ती काही खुशीनं देते असं नाही.

गावात पेन्शनवर आलेला प्रत्येक फौजी मेजर असतो. मी हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण वेशीतून आत आल्या आल्या बढती मिळाली. तर हे मेजर आठ महिन्यांत तीन पदार्थ शिकले. एक पिठलं, दुसरा भात आणि तिसरा पिठलं-भात. समोरच्या घरातली चुलती अधूनमधून भाकरी आणून देते. देताना दारातूनच आत वाकून बघते आणि काही बोलत नाही. ते न बोलणं फार मोठ्यानं ऐकू येतं.

एका बुधवारी फोन आला. "रविवारी येते."

"किती दिस?"

"आल्यावर बोलू."

त्या "आल्यावर बोलू"नं मला कामाला लावलं. बाळ आता आठ महिन्यांचं झालं होतं. म्हणजे ती कायमची परत येणार की नाही, हे रविवारी ठरणार होतं. सरळ विचारलं असतं तर सरळ उत्तर मिळालं असतं, आणि नेमकं तेच मला नको होतं. मी असा हिशेब मांडला की घर इतकं लख्ख करून ठेवायचं, की उंबऱ्यातून आत आल्यावर तिला परत जावंसंच वाटू नये. माणसाला डोकं असलं तरी ते योग्य वेळी चालेलच असं नाही. फौजेत मी एकच गोष्ट पक्की शिकलो होतो. मोठा साहेब येणार असला, की त्याच्या नजरेला पडेल ते सगळं चमकवायचं.

बुधवारी आणि गुरुवारी खोल्या झाल्या. डबे पुसले, जळमटं काढली, नळाच्या तोट्यासुद्धा घासल्या. शुक्रवारी सकाळी ओट्यापाशी आलो आणि शेगडीमागच्या पत्र्यावर नजर थांबली.

हा पत्रा स्टीलचा आहे. दोन हात रुंद, हातभर उंच, फोडणीचे शिंतोडे भिंतीवर उडू नयेत म्हणून चार स्क्रूंनी मारलेला. सात वर्षांपूर्वी हिनं एकटीनं गवंडी लावून ओटा बांधून घेतला, तेव्हाच तो बसवला. मी तेव्हा पार तिकडे पूर्वेला होतो. तिनं मोबाईलवर फोटो पाठवला होता आणि मी "ठीक" असं उत्तर दिलं होतं. तो पत्रा आता मळकट दिसत होता. शेगडीच्या मागे पिवळट, बाकी ठिकाणी धुरकट. त्यात स्टीलची चमक म्हणून नव्हती. मला वाटलं, बाईमाणसाच्या हाताला जोर कमी पडला असणार. हे वाक्य मी मनातल्या मनात म्हटलं, तरी आज ते लिहिताना कान गरम होतात.

बूट असो की बक्कल, चमकवायची आमची एकच रीत होती. फडकं बोटाला गुंडाळायचं आणि बारीक गोल गोल हात फिरवायचा. मी तारेची घासणी घेतली, राख घेतली आणि गोल गोल सुरू केलं. तासभर घासूनही चमक येईना. म्हणून उसाच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीचं दार रंगवताना उरलेला पॉलिश पेपर आणला आणि एका कोपऱ्यात तो मारून बघितला. तिथं तर पत्रा आणखीच आंधळा झाला. शेवटी पाणी मारून पुसला आणि कौतुकानं दोन पावलं मागे सरलो.

तेवढ्यात खिडकीतून ऊन आलं. खळ्यात मळणीचे बैल फिरून गेल्यावर जशी गोल वाट पडते, तशा शेकडो वाटा त्या पत्र्यावर उमटल्या होत्या. एकात एक, एकावर एक. जिथं बघावं तिथं बैल फिरून गेलेले.

पुढचे चार तास मी त्याच्यावर दंतमंजन, खोबरेल, लिंबू आणि मीठ असं जे सापडेल ते लावलं. चुलती भाकरी घेऊन आली, ती या वेळी आत आली.

"ह्येला काय झालं रं? पुरळ उठल्यागत दिसतंय."

"जरा साफ करीत हुतो."

"तुझी बायकू सात वर्सं साफ करतीया, तवा न्हाई उठलं." तिनं भाकरी ओट्यावर ठेवली. "रईवारी येणार न्हवं ती?"

"व्हय."

"मग आता कर्नाटकात बदली मागून घे," असं म्हणून ती गेली.

संध्याकाळी हिचा व्हिडिओ कॉल आला. मी आधीच पत्र्यावर टॉवेल टांगून ठेवला होता.

"शेगडीम्हागं टॉवेल वाळत घातलाय व्हय? पेटंल की."

"ओला हाय."

"वाळल्यावर पेटंल."

मी फोन घेऊन गोठ्यात गेलो आणि बाळाला म्हैस दाखवली. बाळ म्हशीकडे आणि मग माझ्याकडे बघून रडलं. बोलणं तिथंच संपलं. गोठ्यातून परत आलो तर घर नको इतकं स्वच्छ दिसत होतं. आठ महिन्यांत सवय झाली असेल असं मी धरून चाललो होतो. पण आवरलेल्या घरात एकटं बसायला पसाऱ्यात बसण्यापेक्षा जास्त जोर लागतो.

शनिवारी पत्रा बदलायचा ठरवला. सांगलीत ओळखीच्या एकानं हॉटेलांची टेबलं, कपाटं करणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याचा पत्ता आणि नंबर सांगितला. फोन केला तर तो फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "मापात आन् स्क्रूच्या भोकात फरक पडला तर परत माज्या नावानं शंख करताय. जुना पत्राच घिऊन या." मी स्क्रू काढले, पत्रा जुन्या चादरीत गुंडाळला आणि स्टँडवर गेलो.

एस्टीत तो पत्रा आडवा मावेना आणि उभा धरला तर पुढचं कुणाला दिसेना. कंडक्टर बाई तिकीट फाडताना म्हणाल्या, "काका, दार काढून कुठं निघालाय?"

"दार न्हाई, सैपाकघरातला पत्रा हाय."

"मग काकूंनी काढलंय का तुमाला पत्र्यासकट?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. हसताना लक्षात आलं, की गेल्या कित्येक दिवसांत माणसांत हसणं हे पहिलंच होतं. त्यासाठी सांगलीपर्यंत उभं राहायला माझी हरकत नव्हती.

दुकान रस्त्याला लागूनच होतं. माझ्याच वयाचा एक माणूस चष्मा कपाळावर ठेवून वेल्डिंगचा सांधा न्याहाळत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फौजी काय?"

"कशावरनं?"

"पत्रा असा रायफलीगत उभा धरून दुसरं कोण उभारतंय?"

चादर सोडून त्यानं पत्रा टेबलावर टाकला.

"कशानं घासला?"

"तारेच्या घासणीनं. मग पॉलिश पेपर."

"गोल गोल?"

"व्हय."

"पत्र्यानं गुन्हा काय केलता?"

त्यानं पत्रा उलटा केला, परत सुलटा केला, एका कडेला अंगठ्याचं नख घातलं आणि थांबला. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन खाली वाकला.

"आवं, तुमी पत्रा घासलाच न्हाई."

"म्हंजे?"

"ह्येच्यावर कागद हाय, प्लास्टिकचा. नव्या पत्र्यावर येतोय तो. कुणी काढलाच न्हाई." त्यानं नखानं कड उचलली आणि हळूच ओढली. चार बोटं रुंदीचा पट्टा खरखर करत निघाला. त्याखाली जे होतं, त्यात मला माझी हनुवटी आणि अर्धी मिशी दिसली. आज दुकानातून आणल्यासारखं ते स्टील होतं.

"लय घरांत असंच असतंय," तो म्हणाला. "आमच्या म्हेवण्याचा फ्रीज आयुष्य संपून भंगारात गेला, कागद अंगावर तसाच. नव्याचं नवंपण मोडवत न्हाई आपल्या माणसांस्नी." मी पॉलिश पेपर मारला होता तो कोपरा त्यानं बोटानं चाचपला. "हितं तेवढं फाटून खाली पोचलायसा. तळहाताएवढंच हाय. बाकी सगळा मार कागदानं खाल्ला. शेगडीम्हागं भाजून चिकटलाय, तिथं कोमट पानी आन् खोबरेल लावलं की निघंल. नवा पत्रा कशाला घेताय? काढू का सगळा?"

तो पट्टा चिमटीत धरून उभा होता. हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, पण मी म्हणालो, "जरा थांबा. घरात इचारतो."

फोन लावला. पलीकडे बाळ कुरकुरत होतं, ते तिच्या कडेवर असणार.

"आगं, त्यो शेगडीम्हागचा पत्रा…"

"खराब केलायसा न्हवं? टॉवेल बघितला तवाच वळखलं मी."

"केलाय. पन त्येच्यावर कागद हाय म्हनं."

"हाय की."

"तुला ठावं हाय?"

"मीच ठेवलाय न्हवं."

"सात वर्सं?"

ती बाळाला काहीतरी म्हणाली. मग मला म्हणाली, "ओटा केला तवा म्हणलं, आत्ताच कशाला काढायचा, उगं चरं पडत्यात. तुमी पेन्शनवर आला की काढू. तवर नवा ऱ्हाईल."

"मग?"

"मग तुमी आला."

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या गोष्टीचा शेवट सांगावा तसं तिनं ते सांगितलं. बाळ रडायला लागलं, म्हणून तिनं फोन ठेवला.

मी आलो त्याला चार वर्षं झाली. कसा आलो, ते मला तिथं दुकानात उभ्या उभ्या आठवलं. काळी ट्रंक बाहेरच्या खोलीत ठेवली, खुर्ची टीव्हीसमोर सरकवली आणि दुसऱ्याच दिवशी सहाच्या चहाची शिस्त लावली. आमटीत मीठ कमी की जास्त, ते बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगायचो. पाण्याचा तांब्या हातात मिळायचा, ताट पुढ्यात यायचं. ती साताऱ्याला जाईपर्यंत स्वयंपाकघराच्या आत मी किती वेळा गेलो असेन? दिवा लावून मीटर बघायला एकदा. उंदीर मारायला एकदा. सुरुवातीचे काही दिवस तिनं वाट बघितली असेल. नवरा घरी आला की एखाद्या सकाळी म्हणायचं, या, हे बघा, आता हा कागद काढते. पण त्यासाठी माणूस दारात तरी उभा राहायला हवा ना. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला हाका मारून कागद दाखवायला बोलवायचं म्हणजे कसंतरीच. मग ते राहून गेलं. ती त्या कागदावरूनच रोज फडकं फिरवत राहिली.

फॅब्रिकेशनवाला अजून तसाच उभा होता. "काय म्हनत्यात वहिनी?"

"ऱ्हाऊ द्या. तिचा हाय, ती बघंल."

"निघालेला पट्टा आता परत चिकटायचा न्हाई."

"न्हाई चिकटू दे."

त्यानं पत्रा चादरीत बांधून दिला. संध्याकाळी मी तो होता तिथं मारला. बैलांच्या सगळ्या वाटा आणि लोंबणारा पट्टा, सगळं तसंच ठेवलं.

रविवारी अकराच्या बसनं ती उतरली. हातात एक पिशवी. गेली तेव्हा मोठी बॅग घेऊन गेली होती, ती बॅग आली नाही. मला जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर स्टँडवरच मिळालं. मी पिशवी घेतली. ती इतकी हलकी होती, की वाटेत दोनदा हात बदलला, उगीचच.

घरात आल्यावर ती सरळ आत गेली. मी दारात उभा राहिलो. पत्र्याकडे तिनं बघितलं, एका चऱ्यावरून बोट फिरवलं आणि पुढे सरकली. मग मांडणी बघितली, डबे बघितले.

"मिठाची बरणी हितं कशाला?"

"हाताशी येती."

तिनं बरणी उचलली, तिच्या जुन्या जागेकडे नेली आणि मध्येच थांबली. मग परत आणून मी ठेवली होती तिथंच ठेवली. मला त्या बरणीचं इतकं वाईट वाटलं, की काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "तुज्या जाग्यावर ठेव की."

"ऱ्हाऊ दे. तुमाला सापडाय पायजे." ती पाटावर बसली. "च्या ठेवा."

मी चहा ठेवला. ती माझ्या हातांकडे बघत होती. आलं मी जास्त किसलं, ते तिनं किसू दिलं. चहा पिता पिता तिनं सांगितलं. विहीणबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्यानं बाळ उचलवत नाही. पाळणाघरात एवढ्याशाला टाकायला मुलीचा जीव होत नाही. आत्ताही मुलीनं मंगळवारपर्यंत रजा काढली, म्हणून एवढं येता आलं. तर आणखी दोनेक वर्षं.

"दोन वर्सं," मी म्हणालो.

"मधनं आधनं ईन की. हितं तर हाय सातारा." कप खाली ठेवत ती म्हणाली, "तुमी तर पंचवीस ऱ्हायला."

टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तो टोमणा नव्हता.

सोमवारी मी उसाला पाणी द्यायला गेलो. दुपारी आलो तर ओट्याखाली कोमट पाण्याची बादली, खोबरेलाची वाटी आणि जमिनीवर कागदाची सुरळी पडलेली. शेगडीमागचा पत्रा असा उजळला होता, की स्वयंपाकघराला दुसरी खिडकी पडल्यासारखं वाटत होतं. तळहाताएवढा आंधळा कोपरा तेवढा तसाच होता. ती पदराला हात पुसत होती.

"थांबली असतीस," मी म्हणालो. "मी आलो असतो हात लावाय."

"कशाला? आता रोज तुमीच रांधनार हितं. जरा बऱ्या पत्र्यापुढं रांधा."

तिनं बाहेर जाताना सुरळी उचलून कचऱ्यात टाकली. मी शेगडीसमोर उभा राहिलो तर पत्र्यात एक टक्कल पडत आलेला माणूस दिसला आणि त्याच्या मागे माझं सगळं घर. त्या रात्रीचं पिठलं मी केलं. ती जेवली. मीठ कमी होतं, दोघांनाही कळलं. तिनं ओट्यावरची बरणी हात लांबवून घेतली आणि आधी माझ्या ताटात चिमूटभर घातलं.

मंगळवारी सकाळी ती साडीला पिना लावत असताना मी डबा भरला. भाकरी मला अजून जमत नाही, ती कडेला फाटते आणि मधे जाड राहते. तरी दोन थापल्या. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा दिला. डबा फडक्यात बांधताना मला गाठ मारता येईना. माझी सुट्टी संपली की ती पहाटे उठून असाच डबा बांधायची आणि ती गाठ पार पुढच्या राज्यात जाईपर्यंत सुटायची नाही. ती आली, तिनं माझी गाठ सोडून परत मारली.

"सातारा हाय," ती म्हणाली, "जम्मू न्हवं. एवढं कशाला?"

"भूक लागली तर."

स्टँडवर खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर घेऊन ती बसली. गाडी सुटेपर्यंत काहीतरी बोलायचं असतं, म्हणून तिनं म्हशीच्या पेंडीचं विचारलं आणि मी बाळाच्या औषधाचं. ड्रायव्हर चढल्यावर ती म्हणाली, "जावा आता. उनात उभारू नगा."

खिडकीच्या आतून हे वाक्य मी तिला किती वेळा म्हटलं असेल, कोण जाणे. म्हणताना डोक्यात पुढच्या स्टेशनचा, पुढच्या गाडीचा विचार चालू असायचा. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर स्टँडवर उरलेल्या माणसानं नेमकं काय करायचं असतं, हे त्या काळात कधी तिला विचारलं नाही. आज विचारावं म्हटलं, तर गाडी निघून गेली होती. मी थोडा वेळ उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिलो.